माहेरची गाठ

मला झटके यायला लागले तेव्हा माझी मुलगी पहिलीत होती. झटका म्हणजे फिट नव्हे. फळ्याच्या खालच्या ओळीत काही लिहायला वाकले, की एकाएकी छातीत धडधड सुरू व्हायची. डोकं दोन्ही बाजूंनी फुटेल असं दुखायचं आणि इतका घाम सुटायचा की ब्लाउज पाठीला चिकटायचा. तोंड पांढरंफटक पडायचं. पोरं घाबरून शेजारच्या वर्गातल्या बाईंना बोलवायला पळायची. त्या येऊन मला पाणी देईपर्यंत सगळं ओसरलेलं असायचं. मी नुसती खुर्चीत थकून बसलेली असायचे. दाखवायला म्हणून काहीच उरलेलं नसायचं.

तेच मला नडलं. डॉक्टरच्या टेबलापर्यंत जाईस्तोवर माझं बीपी खाली यायचं. मी अंबडला दाखवलं, जालन्याला दाखवलं. ईसीजी बरोबर, रक्त बरोबर. एकानं सांगितलं पित्त आहे. दुसऱ्यानं सांगितलं, बाई, तुम्ही टेन्शन फार घेता.

आम्ही अंकुशनगरला राहतो. माझे मिस्टर साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला आहेत आणि मी जवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिल्या वर्षी ते मला प्रत्येक दवाखान्यात घेऊन गेले. सुट्ट्या टाकल्या, खर्चाकडे बघितलं नाही. दुसऱ्या वर्षी मात्र त्यांचा सूर बदलला. "पाहुणे आले की बरं तुला होतं," असं ते म्हणायला लागले. खरंही होतं ते. पाहुणे आले की गाद्या काढायला, परात उचलायला वाकावं लागायचं, आणि वाकलं की झटका यायचा. पण हे तेव्हा ना त्यांना कळत होतं, ना मला.

अशीच पाच-सहा वर्षं गेली. एकदा मी आतल्या खोलीत पडले होते. मी झोपले असं समजून ते बाहेर फोनवर बोलत होते. "तुमची बहीण नाटक करून राह्यली का खरंच डोक्यावर परिणाम झाला, तुम्हीच येऊन बघा एकदा."

फोन माझ्या भावाला होता. दादाला.

दादाबद्दल सांगायला हवं. आमचं माहेर भोकरदन तालुक्यातलं, हसनाबादचं. वडील गेले तेव्हा मी चौथीत होते आणि दादा नुकता कॉलेजला लागला होता. त्यानं कॉलेज सोडलं आणि शेती बघायला लागला. मला मात्र त्यानं शिकवलं. डी.एड.ला जालन्याच्या वसतिगृहात ठेवताना भावकीतले लोक म्हणाले, पोरीला एवढं शिकवून काय करायचं? दादा त्यांना म्हणाला, "तिला बाई व्हायचंय. ती होईल." माझ्या लग्नात निरोपाच्या वेळी आईपेक्षा तोच जास्त रडला होता. तेव्हा मिस्टरांनी फोन त्याला लावला म्हणून मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. म्हटलं, दादा येईल, तो तरी माझ्यावर विश्वास ठेवील.

तो आला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं जालन्याला गेलो. कुठं चाललोय ते मला दारातली पाटी वाचल्यावर कळलं. मनोविकारतज्ज्ञ.

डॉक्टर सभ्य होते. घाई न करता विचारत होते. झोप कशी आहे, सासरी काही त्रास आहे का, शाळेत काही बोलणी खावी लागतात का. मग त्यांनी विचारलं, "माहेरी कुणाला असा त्रास होता का? बीपीचा, अशी एकाएकी धडधड होण्याचा?"

मी दादाकडे बघितलं. आईला शेवटी शेवटी बीपी होतं एवढंच मला माहीत होतं.

दादा म्हणाला, "न्हाई डॉक्टर. बिलकुल न्हाई. ही पहिल्यापासून जरा हळवी आहे. वडील लवकर गेले ना."

तो इतक्या मायेनं बोलला, की मला रडू आलं. डॉक्टरांनी ते रडू बघितलं आणि काहीतरी लिहिलं. त्यांनी दोन गोळ्या दिल्या. एक झोपेची आणि एक धडधड कमी करायची. धडधडीच्या गोळीचं नाव प्रोप्रानोलॉल. घाबरट माणसांना ती सर्रास देतात आणि पुष्कळांना तिचा गुण येतो, हे मला नंतर समजलं.

बाहेर आल्यावर दादानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "बरी होशील बाय. मनाला लावून घेऊ नको."

गोळी सुरू होऊन आठवडाही झाला नसेल. दुपारची सुट्टी संपून वर्ग भरत होता. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून चाचणीचे कागद काढायला मी बसले आणि उठता आलं नाही. या वेळी ते ओसरलं नाही. वाढतच गेलं. डोळ्यांसमोरचा वर्ग धूसर झाला. उलटी झाली. मग श्वास लागायला लागला, छातीत पाणी भरल्यासारखा. एवढंच मला आठवतं. गावातल्या कुणाच्या तरी जीपमधून मला जालन्याला नेलं. मिस्टर त्या दिवशी कामानं अंबडला होते, ते वाटेत चढले.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं. दवाखान्यात सिस्टरनं बीपी बघितलं, मशीन बिघडलं समजून दुसरं आणलं. त्यावरही आकडा तसाच आला. तातडीच्या खोलीतल्या डॉक्टरांनी बीपी उतरवायचं इंजेक्शन दिलं, तर ते उतरायच्या ऐवजी आणखी चढलं. तेव्हा वरच्या मजल्यावरून एका फिजिशियन बाईंना बोलावलं. त्यांनी माझ्या हातापायांना हात लावला. हातपाय गार, कपाळावर घाम. त्यांनी मिस्टरांना विचारलं, "सध्या कुठली गोळी चालू आहे?" मिस्टरांनी माझ्या पर्समधलं पाकीट काढून दाखवलं. बाई म्हणाल्या, "ही आधी बंद. आणि आता दिलं तसलं इंजेक्शन परत द्यायचं नाही."

माझ्या बीपीवर त्यांनी दुसऱ्या औषधाची सलाईन चालू केली आणि शहरातल्या दुसऱ्या हॉस्पिटलातून फेन्टोलामिन नावाचं इंजेक्शन मागवलं. ते फार ठिकाणी ठेवत नाहीत, कारण ते फार जणांना लागत नाही. ते शिरेतून गेलं तसं बीपी उतरायला लागलं.

मी पुरती शुद्धीवर आले तेव्हा बाई कॉटजवळ उभ्या होत्या. सावळ्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी मला समजेल असं सांगितलं.

"मूत्रपिंडाच्या वर एक लहान ग्रंथी असते. आपण घाबरलो की ती रक्तात एक रसायन सोडते, त्यानं धडधड होते, बीपी चढतं. तुमच्या त्या ग्रंथीवर गाठ असावी असा मला संशय आहे. ती तुम्ही न घाबरताही रसायन सोडते. वाकलात, पोट दाबलं गेलं, की सोडते."

"म्हणजे मला मानसिक नाही?"

"नाही."

मी परत विचारलं. त्यांनी परत सांगितलं, नाही. माझ्या कॉटच्या पायथ्याशी मिस्टर उभे होते. ते सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिले.

"मग त्या गोळीनं असं का झालं?"

"त्या रसायनाचं शरीरात दोन ठिकाणी काम चालतं," बाई म्हणाल्या. "एकाला अल्फा म्हणतात, एकाला बीटा. अल्फा रक्तवाहिन्या आवळतो. बीटा हृदय पळवतो, पण काही रक्तवाहिन्या सैलही सोडतो. तुमच्या गोळीनं, आणि इथं आधी दिलेल्या इंजेक्शननंही, बीटा बंद केला. सैल सोडणारं बंद झालं, आवळणारं तसंच राहिलं. अशी गाठ असलेल्या माणसाला आधी अल्फा बंद करायचं औषध द्यावं लागतं. अल्फा ब्लॉकर. बीटाची गोळी लागलीच तर नंतर. उलटं झालं की जिवावर बेततं."

मग त्यांनी विचारलं, "हे कधी कधी घराण्यात असतं. तुमच्या माहेरी अशी गाठ, किंवा मूत्रपिंडाजवळचं कुठलं ऑपरेशन, कुणाचं झालंय?"

दादा तेव्हा तिथंच होता. बातमी कळल्या कळल्या हसनाबादहून निघून आला होता. वहिनीही होती.

"न्हाई," दादा म्हणाला. "तसं कुणाचंच न्हाई."

वहिनी खिडकीतून बाहेर बघत होती.

रक्तात, लघवीत ते रसायन सापडलं आणि सीटी स्कॅनमध्ये डाव्या बाजूला गाठ दिसली. ऑपरेशन संभाजीनगरला होणार होतं, पण लगेच नाही. गाठीला हात लागला की ती सगळं रसायन एकदम सोडते, म्हणून आधी दोन-अडीच आठवडे अल्फा ब्लॉकरच्या गोळ्यांनी रक्तवाहिन्या सैल करून ठेवायच्या. सुरुवातीचे काही दिवस बाईंनी मला जालन्यालाच ठेवून घेतलं. मिस्टरांना कारखान्यात गळिताचा हंगाम होता आणि मुलीची शाळा होती. माझ्याजवळ वहिनी राहिली.

गोळी चालू झाली त्या दिवशी वहिनीनं बाहेरून ताक आणलं. मी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. खारटजहर होतं.

"प्या," ती म्हणाली. "जास्तीचं मीठ लागतंय आता."

मी प्यायले. जन्मभर ऐकलं होतं की बीपीवाल्यानं मीठ कमी खायचं. मला वाटलं, बाईंनी हिला सांगितलं असेल. थोड्या वेळानं मी बाथरूमला जायला उठायला लागले, तर वहिनीनं खांद्यावर हात ठेवून मला दाबून बसवलं.

"एकदम उठू नका. आधी पाय खाली सोडा. बसा जराशा. मंग उभ्या राहा, माझा हात धरून. पहिल्या दिवशी चक्कर येते. नाक पण गच्च होईल बघा, पण ती सर्दी न्हाई."

त्यानंतर सिस्टर आली आणि मला नेमकं हेच सांगायला लागली. पाणी भरपूर प्या, मीठ जास्त घ्या, एकदम उठू नका, नाक चोंदेल. वहिनीनं मान खाली घातली.

सिस्टर गेल्यावर मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला हे आधीच कसं माहीत?"

ती ताकाचा ग्लास विसळायला उठली. मी तिचा पदर धरला.

"वहिनी."

तेव्हा मला आठवलं. मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. दादाचं मुतखड्याचं ऑपरेशन हैदराबादला करायचं ठरलं होतं. खड्यासाठी एवढं लांब कशाला, असं मी विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, तिथले डॉक्टर चांगले. सुट्टीत घरी आले तर दादा ओसरीत तक्क्याला टेकून बसलेला. आई त्याला लोणचं, पापड, मिठाचं ताक देत होती. तो भिंत धरून उभा राहायचा, आई दंड धरायची. मी हसले होते. खड्याला कुणी एवढं मीठ देतं का, म्हणून.

"खडा नव्हता," मी म्हटलं.

वहिनी रडायला लागली. "न्हाई. हेच होतं. हीच गाठ. हैदराबादच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, बहीण आहे तर तिलाही तपासा, लेकराला तपासा. सासूबाईंनी मला मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. तुमचं लग्न व्हायचं होतं."

"आणि लग्नानंतर?"

"मी म्हणले त्यांना. लई वेळा म्हणले. ते म्हणायचे, कशाला उगाच."

त्या दिवशी मी रडले नाही. मला नुसतं गार वाटत होतं. ज्या प्रश्नासाठी मी पाच-सहा वर्षं दारोदार हिंडले, त्याचं उत्तर माझ्या माहेरच्या ओसरीत बसलेलं होतं. मी दर दिवाळीला त्याला ओवाळत होते.

दुसऱ्या दिवशी दादा आला. घरच्या मोसंब्या घेऊन. स्टूल ओढून तो मोसंबी सोलायला लागला.

"दादा, तुझी गाठ कुठल्या बाजूला होती?"

त्याचे हात थांबले. त्यानं वहिनीकडे बघितलं. ती उठून बाहेर गेली.

"उजव्या," तो म्हणाला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुझं लग्न झालं असतं का? सांग की. आजारी घराणं म्हणून एक स्थळ आलं नसतं."

"बरं. मग लग्न झाल्यावर?"

"मंग पाव्हण्यांनी काय म्हणलं असतं? फसवून पोरगी दिली म्हणले असते. तुला आणून सोडलं असतं दारात."

"मी पडायला लागले, तेव्हा तरी?"

तो परत मोसंबी सोलायला लागला.

"त्या मानसिक डॉक्टरनं तुला समोर बसवून विचारलं, दादा. तू म्हणालास, ही हळवी आहे."

"मला वाटलं तुला ते नसंल," तो म्हणाला. "बायामाणसांना होत असतात असले त्रास. सगळंच काय तेच असतंय का?"

"आणि परवा? इथं, याच कॉटजवळ बाईंनी विचारलं तेव्हा? तेव्हा तर तुला माहीत होतं की तेच आहे."

त्यानं सोललेली मोसंबी कागदावर ठेवली. "पाव्हणे उभे होते ना तिथं," एवढंच म्हणाला.

म्हणजे मी मरत होते तेव्हाही त्याच्या मनात पाव्हणेच, माझे मिस्टरच होते. जीव ओवाळून टाकावा असा माझा भाऊ, पण त्याला मी जगण्यापेक्षा मी नांदणं महत्त्वाचं वाटलं. हे मला त्याच्या तोंडावर बोलता आलं नाही. मी म्हटलं, "जा तू आता."

बाईंना मी स्वतः सगळं सांगितलं. त्या चिडल्या. माझ्यावर नाही, पण चिडल्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत असायलाच हवं, म्हणाल्या. घराण्यातला दोष शोधायची रक्ताची आणखी एक तपासणी, गळ्याच्या ग्रंथीची तपासणी, माझ्या मुलीचीही तपासणी, असं सगळं त्यांनी वाढवलं.

मिस्टरांनाही मीच सांगितलं. मला वाटलं होतं, आता तरी हे माझ्याजवळ बसतील, म्हणतील की चुकलं माझं, नाटक म्हणालो मी तुला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या माहेरच्यांनी मला फसवलं."

मला. हा शब्द मला अजून ऐकू येतो. झटके माझे, गाठ माझी, वेडी मी ठरले, आणि फसले ते. दादाला ज्याची भीती होती तेच ते बोलले. त्या क्षणी दादाचं म्हणणं खरं निघालं याचाच मला जास्त संताप आला.

ऑपरेशन संभाजीनगरला झालं. गाठ सोडवताना बीपी वर गेलं, पण अल्फा ब्लॉकर आधीपासून भिनलेला होता, म्हणून ते आवरलं. गाठ निघाली. नंतर उलट बीपी इतकं खाली आलं की रात्रभर औषधावर वर ठेवावं लागलं. दोनेक महिन्यांनी मी शाळेत रुजू झाले आणि फळ्याच्या अगदी खालच्या ओळीत तारीख लिहिली. काही झालं नाही. शेजारच्या बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मुलीची तपासणी चांगली आली. तिच्यात ते उतरलेलं नाही.

राहिली भाची. दादाची मुलगी. ती संभाजीनगरला नोकरी करत होती आणि तिचं बघणं चालू होतं. मी उचलणार नाही असं वाटून दादानं मिस्टरांना फोन लावला आणि मला द्यायला सांगितला. "पोरीजवळ यातलं काही काढू नको. एकदा लग्न होऊ दे. मंग मी स्वतः सांगतो."

मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. रविवारी एसटीनं संभाजीनगरला गेले आणि तिला समोर बसवून सगळं सांगितलं. तिच्या बापाची गाठ, माझी गाठ, तिची आई घातलेल्या शपथेखाली कशी राहिली ते.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आत्या, पप्पांना दर वर्षी हैदराबादला कशाला जायचं असतं ते मी विचारायचे. बियाण्यांच्या कंपनीचं काम आहे म्हणायचे."

तपासणीला मी तिच्यासोबत होते. घराण्यातला दोष तिच्यात उतरलेला निघाला, पण गाठ अजून नव्हती. दर वर्षी बघत राहायचं. ठरत आलेल्या स्थळाला तिनं स्वतःच फोन करून सांगितलं. मुलाकडच्यांनी चार दिवस विचार केला आणि नको म्हणाले.

त्या संध्याकाळी दादाचा मला फोन आला. "मोडलंस पोरीचं," म्हणाला आणि ठेवून दिला.

भाची माझ्याशी बोलते. वाढदिवसाला फोन करते. पण एकदा ती म्हणाली, "आत्या, तू सांगितलंस ते बरोबरच केलंस. पण कधी कधी वाटतं, अजून एक वर्ष कळलं नसतं तर बरं झालं असतं." मला तसं कधीच वाटलं नाही. मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं.

या उन्हाळ्यात आष्टीला नात्यातल्या लग्नात दादा दिसला. केस पिकलेत. लोकांतून वाट काढत तो माझ्याजवळ आला.

"बरी हायस का?"

"हो."

"बीपी?"

"बराबर आहे."

तो उभाच राहिला. मीही काही बोलावं, असं त्याला वाटत असावं. शेजारून एक मावशी म्हणाल्या, "काय बाई भाऊ-बहिणीची माया, दिसली की आला धावत." दादा त्यांच्याकडे बघून हसला. पंगत बसायला लागली होती. मी मुलीचा हात धरला आणि बायकांच्या ओळीत जाऊन बसले.